लीस्ट काउंट किती गं तुझ्या कॅमेऱ्याचा?

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीनं विचारलं की तू फ्रान्सला सहा महिने जाऊन नेमकं केलंस काय, मी म्हटलं कॅमेऱ्यानं नॅनोमीटर मोजत होते, तर ती "अच्छा अच्छा" म्हणाली आणि तिथलं चीज कसं असतं हे विचारायला लागली. तिचा दोष नाही. नॅनोमीटर म्हटलं की लोकांचे डोळे काचेसारखे होतात, माझेही व्हायचे. आख्ख्या ओळखीत एकाच माणसानं बरोबर प्रश्न विचारला होता, आमच्या आण्णांनी.

आण्णा टर्नर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ३४ वर्षं लेथवर काढली, आता रिटायर आहेत पण घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनं लेथ अजून आहे आणि दिवसाचा अर्धा वेळ तिथंच जातो. मी तिथल्या मायक्रोरोबोटच्या लॅबमध्ये जॉइन होऊन आठवडा झाला असेल, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल केला, मायक्रोस्कोप दाखवला, स्टेज (वस्तू बारीक बारीक सरकवणारी बैठक) दाखवली, आई म्हणाली अंगावर स्वेटर का नाही, आणि आण्णा म्हणाले, "लीस्ट काउंट किती गं तुझ्या कॅमेऱ्याचा?"

लीस्ट काउंट म्हणजे हत्यारानं मोजता येणारं सगळ्यात बारीक माप. मी म्हटलं, साधारण एक नॅनोमीटर.

ते थोडा वेळ गप्प. त्यांच्या मायक्रोमीटरचा पॉइंट झीरो वन म्हणजे एक शतांश मिलिमीटर म्हणजे १० मायक्रॉन म्हणजे १०,००० नॅनोमीटर, हा हिशोब त्यांनी मनात केला असणार. मग म्हणाले, "बरं. आणि कॅमेरा कशावर बसवलायस?"

मी हसले. त्या प्रश्नाचं उत्तर मला दीड महिन्यानं कळलं, ते पुढं सांगते.

आधी हे की कॅमेरा कशाला. मायक्रोरोबोट म्हटलं की लोकांना रक्तातून पोहणारा पिटुकला माणूस वगैरे वाटतो. तसलंही काम चालतं जगात, पण मी ज्यावर होते तो रोबोट टेबलावर बसणारा, चांगला हाताएवढा, फक्त त्याच्या टोकाला असलेला चिमटा बारीक आणि तो ज्या वस्तू उचलतो त्या ५० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे बारीक रव्याच्या कणाहूनही लहान. अशी वस्तू उचलून दुसऱ्या वस्तूवर नेमकी ठेवायची, उदाहरणार्थ ऑप्टिकल फायबरच्या टोकासमोर एखादी इवलीशी लेन्स. सिंगल मोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉनच्या आसपास असतो, तिथं एक-दोन मायक्रॉनची चूक झाली की उजेड भलतीकडंच जातो.

आणि ह्या साइजला वस्तू शहाण्यासारखं वागत नाहीत. मोठ्या जगात तुम्ही चिमटा उघडला की वस्तू खाली पडते. इथं पडत नाही, चिकटून बसते. वजन लांबीच्या घनाप्रमाणं कमी होतं आणि चिकटवणारी बलं साधारण लांबीच्या प्रमाणात, म्हणजे वस्तू दहापट लहान केली तर वजन हजारपट घटतं पण चिकटपणा दहापटच, त्यामुळं शंभरेक मायक्रॉनच्या खाली गेलं की गुरुत्वाकर्षणाला कोणी विचारत नाही. ओल्या हाताला मैदा चिकटल्यासारखं होतं, झटकलं तरी जात नाही. मग सोडताना थोडं घासायचं, थोडं बाजूला ओढायचं, आणि हे सगळं करताना टोक नेमकं कुठं आहे हे माहीत पाहिजे.

टोक कुठं आहे हे रोबोटला स्वतःला माहीत नसतं, ही खरी गोम. ह्या रोबोटांना हलवतात पिझोनं, म्हणजे व्होल्टेज दिलं की किंचित ताणला जाणारा सिरॅमिकचा तुकडा. बारीक हलतो, छान हलतो, पण त्याला हिस्टेरेसिस असतो, त्याच व्होल्टेजला जाताना एका जागी आणि येताना दुसऱ्या जागी, फरक एकूण प्रवासाच्या १०-१५ टक्के सहज. वर क्रीप, म्हणजे थांब म्हटल्यावरही थोडा वेळ सरपटत राहतो. सेन्सर लावावा तर तो लागतो मागं, मोटरजवळ, आणि टोक असतं पुढं. खांद्याला विचारून बोटाचा पत्ता शोधण्यासारखं आहे ते, मधे कोपर आहे मनगट आहे, प्रत्येकाचा आपला आपला प्ले, म्हणजे ढिलेपणा. टोकालाच सेन्सर लावू म्हटलं तर सेन्सर टोकापेक्षा मोठा. लेझर इंटरफेरोमीटर आहे, उजेडाच्या लाटांनी अंतर मोजणारा, नॅनोमीटरच्या खालचंही दाखवतो, पण एका इंटरफेरोमीटरला साधारण एकच दिशा कळते, हलत्या भागावर आरसा बसवावा लागतो आणि किंमत विचारू नका.

म्हणून लांबून बघायचं. मायक्रोस्कोप, कॅमेरा, आणि गणित.

आता कॅमेऱ्याचं. माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा, अगदी कॉमन इंडस्ट्रियल सेन्सर. समोर १० एक्स ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे मायक्रोस्कोपचं दहापट मोठं दाखवणारं भिंग, लावलं की वस्तूवरचा एक पिक्सेल ०.३४५ मायक्रॉन म्हणजे ३४५ नॅनोमीटर. मग एक नॅनोमीटर कुठून आणायचा? आणि पिक्सेल बारीक करून उपयोग नाही कारण उजेडच जाड आहे, हिरव्या उजेडाची वेव्हलेंग्थ ५५० नॅनोमीटरच्या आसपास, माझ्या ऑब्जेक्टिव्हमधून एक मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत, एकच डाग होतो.

पहिले पंधरा दिवस मी इथंच अडकले होते. जे दिसतच नाही ते मोजणार कसं?

आणि मग कधीतरी डोक्यात शिरलं की दोन ठिपके वेगळे दिसणं ही एक गोष्ट आणि एक ठिपका नेमका कुठं आहे हे सांगणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. धुक्यात पंचगंगेच्या पलीकडं दिवा लागलेला असतो, त्याचा आकार दिसत नाही, बल्ब आहे की ट्यूब तेही कळत नाही, नुसता पिवळा गोळा. पण त्या गोळ्याच्या मधोमध बोट दाखव म्हटलं तर तुम्ही बऱ्यापैकी नेमकं दाखवता. गोळा फूटभर असला तरी मध्य बोटभर चुकीनं सांगता येतो. २०१४ चं केमिस्ट्रीचं नोबेल ज्या मायक्रोस्कोपीला मिळालं त्यातल्या एका पद्धतीच्या मुळाशी हेच आहे, एकेक रेणू एकेकटा चमकवायचा आणि त्याच्या डागाचा मध्य काढायचा. डाग जाड असू दे, मध्य बारीक असतो.

बरं, हे एका ठिपक्याचं झालं. एका ठिपक्यानं पिक्सेलचा दहावा-पन्नासावा भाग मिळतो. पण आपल्याला पाहिजे तीनशेवा.

इथं आण्णांचं हत्यार येतं. बेझान्सों हे मी राहत होते ते गाव, पूर्व फ्रान्समधलं, दू नदीच्या वळणात बसलेलं, घड्याळांचं गाव. तिथून बसनं तासाच्या आत ऑर्नां नावाचं छोटं गाव लागतं, नदीवर ओणवलेली घरं, एका रविवारी नुसतं फिरायला गेले होते आणि तिथं गेल्यावर कळलं की प्येर व्हेर्निए हा माणूस इथला, १५८० चा जन्म. व्हेर्निए म्हणजे आपला व्हर्नियर! व्हर्नियर कॅलिपरवाला! आयुष्यभर घरात हा शब्द ऐकलेला, आण्णा आईला "माझा व्हर्नियर कुणी हलवला" म्हणून ओरडायचे, आणि मला कधी वाटलंच नव्हतं की हे माणसाचं नाव असेल. मला वाटायचं मायक्रोमीटर असतो तसा व्हर्नियर असतो. त्यानं ती युक्ती १६३१ मध्ये छापली, म्हणजे शिवजन्माच्या पुढच्या वर्षी, आणि गडी ऑर्नांच्या किल्ल्याचा किल्लेदार होता. हे आण्णांना फोनवर सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका, "किल्लेदार होता होय!" असं तीनदा म्हणाले.

युक्ती सगळ्यांना दहावी-अकरावीत शिकवलेली असते पण ती किती भारी आहे हे तेव्हा कोणी सांगत नाही. मेन स्केलवर मिलिमीटरच्या रेघा, सरकत्या पट्टीवर किंचित कमी अंतराच्या रेघा, आणि विचारायचं एकच की कुठली रेघ कुठल्या रेघेशी जुळली. पॉइंट झीरो टू अंतर डोळ्याला दिसत नाही पण दोन रेघा एका ओळीत आहेत की नाहीत हे दिसतं. आणि डोळा ह्या कामात अफाट आहे, डोळ्यातल्या दोन पेशींमधलं अंतर कोनात मोजलं तर साधारण ३० आर्क सेकंद (एक आर्क सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), पण रेघ सरकलीय हे आपल्याला पाच-सात आर्क सेकंदांतही कळतं. ह्याला नावच व्हर्नियर अॅक्युइटी आहे. म्हणजे आण्णा ३४ वर्षं रोज सबपिक्सेल मेजरमेंट करत होते आणि मी ते शिकायला विमानानं गेले.

कॅमेऱ्याला हीच युक्ती द्यायची तर एक ठिपका पुरत नाही, रांगा पाहिजेत. म्हणून हलत्या भागावर काचेचा एक तुकडा चिकटवतात ज्यावर क्रोमियमचे ठिपके असतात, चिप बनवायच्या लिथोग्राफीनं काढलेले, अगदी सारख्या अंतरावर. माझ्याकडं १० मायक्रॉन अंतराचा होता. पहिल्यांदा स्क्रीनवर बघितला तेव्हा वाटलं आईनं दिवाळीत दारात कागद ठेवून ठिपके पाडलेत, फक्त रेघा जोडायच्या राहिल्यात.

फ्रेममध्ये अशा आडव्या ८४ ओळी बसायच्या. आता एकेका ठिपक्याचा मध्य शोधत बसायचं नाही. ही सगळी रांगोळी एक लाट आहे असं समजायचं, उजेड-अंधार-उजेड-अंधार, आणि त्या लाटेची फेज काढायची, म्हणजे लाट आपल्या फेऱ्यात कुठवर आलीय ते. फूरिए ट्रान्सफॉर्म (चित्रातल्या लाटा वेगवेगळ्या करणारं गणित) घेतला की १० मायक्रॉनच्या लाटेचं एक शिखर स्वच्छ वर येतं, तेवढंच ठेवायचं, बाकी सगळं पुसायचं (काचेवरची धूळ, उजेडाचा कमीजास्तपणा, सगळं), उलट ट्रान्सफॉर्म करायचा, आणि प्रत्येक पिक्सेलला फेज मिळते. त्या फेजांमधून एक सपाट पातळी बसवायची. काच एक आख्खा पिरियड, म्हणजे एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत, सरकली की फेज ३६० अंश फिरते, म्हणजे १० मायक्रॉनला ३६० अंश, म्हणजे एक नॅनोमीटरला ०.०३६ अंश. एका पिक्सेलला हे कळणं शक्यच नाही, नॉइजच त्याहून कितीतरी जास्त. पण मतदान ५० लाख पिक्सेल करतायत. चूक पिक्सेलांच्या संख्येच्या वर्गमुळानं घटते, ५० लाखांचं वर्गमूळ बावीसशेच्या वर, आणि कागदावर गणित केलं तर कॅमेऱ्याच्या नॉइजपुरतं उत्तर नॅनोमीटरच्याही बरंच खाली जातं. वर बोनस म्हणजे पातळी किती तिरकी बसली त्यावरून काच किती फिरली तो कोनही फुकटात.

मला हे पहिल्यांदा चाललं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. पिझोला पाच-पाच नॅनोमीटरच्या पायऱ्या दिल्या आणि ग्राफवर पायऱ्या दिसल्या. गचाळ, थरथरत्या, पण पायऱ्या. लॅबमध्ये कोणी नव्हतं, मी एकटीच खुर्चीत गोल फिरले. (त्या गोल फिरण्याचीसुद्धा ग्राफवर नोंद झाली, हे नंतर कळलं.)

ही पद्धत माझी नाही हे सांगायलाच नको. ह्याच गावात फेम्टो-एसटी नावाची संशोधन संस्था आहे, नावात एसटी असली तरी लाल डब्याशी संबंध नाही, तिथल्या लोकांनी ठिपक्यांवरून जागा काढायचं हे तंत्र वर्षानुवर्षं घासूनपुसून इथवर आणलंय. २०२० मध्ये त्यांनी १० सेंटीमीटरच्या प्रवासात एक नॅनोमीटर ओळखून दाखवला, म्हणजे दहा कोटीत एक. आणि २०१८ मध्ये तिथल्याच नॅनोरोबोटिक्सवाल्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत, ऑप्टिकल फायबरच्या टोकावर, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान घर बांधलं होतं, छप्पर-खिडक्यांसकट, त्याचे फोटो तेव्हा सगळीकडं फिरले होते. ठिपके वाचणारं त्यांचं सॉफ्टवेअरही ओपन सोर्स आहे आणि त्याचं नाव काय असेल? व्हर्नियर. ते बघून मला उगाच घरचं कोणीतरी भेटल्यासारखं झालं.

आता माझे घोळ.

पहिला घोळ दहाच्या पाढ्याचा. फेज तुम्हाला पिरियडच्या आत कुठं आहात ते सांगते, पण कितव्या पिरियडमध्ये ते सांगत नाही. घड्याळाचा मिनिटकाटाच आहे, तासकाटा नाही. मी काय केलं, मागच्या फ्रेमपासून किती सरकलं ते जोडत गेले. हळू चाललं तर चालतं. पण दोन फ्रेमांमध्ये अर्ध्या पिरियडपेक्षा जास्त सरकलं तर गणिताला वाटतं की उलट्या बाजूला सरकलं, सिनेमात बैलगाडीचं चाक उलटं फिरतं ना, तसंच. सेकंदाला ५० फ्रेम आणि अर्धा पिरियड ५ मायक्रॉन, म्हणजे सेकंदाला २५० मायक्रॉनच्या वर गेलं की गेलं. मी स्टेज भरभर पळवली आणि सगळ्या चुका बरोबर १०, २०, ३० मायक्रॉनच्या निघाल्या. आतला आकडा नॅनोमीटरपर्यंत अचूक, आणि बाहेर आख्खे दहा मायक्रॉन गायब! रुपये विसरून पैसे मोजल्यासारखं.

ह्यावर उपाय म्हणजे रांगोळीतल्या काही रांगा मुद्दाम गाळायच्या. कुठल्या गाळल्या त्यावरून कळलं पाहिजे की आपण कुठं आहोत. गाइड मला फळ्यावर समजावत होता, शून्य-एकची अशी माळ करायची की सलग काही आकड्यांची खिडकी कुठंही ठेवली तरी आतला तुकडा दुसऱ्या कुठल्याही तुकड्यासारखा नसेल, आणि मी मध्येच म्हटलं की हे मला येतं. तो बघतच राहिला. अहो, यमाताराजभानसलगम्! शाळेत वृत्तांसाठी पाठ केलेलं. लघु म्हणजे शून्य, गुरू म्हणजे एक धरा: य मा ता रा ज भा न स ल गम्, शून्य एक एक एक शून्य एक शून्य शून्य शून्य एक. आता कुठलीही सलग तीन अक्षरं घ्या, यमाता, मातारा, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगम्, आठच्या आठ गण, एकही परत येत नाही. म्हणजे तीन अक्षरं ऐकली की तुम्ही माळेत कुठं आहात ते कळलं. आमच्या मराठीच्या बाई छडी टेबलावर आपटत हे म्हणवून घ्यायच्या आणि आम्ही म्हणायचो ह्याचा आयुष्यात कधी उपयोग होणारे का.

तीनच्या खिडकीत ८ जागा, १२ च्या खिडकीत ४०९५ (सगळे शून्य वगळून). एका आकड्याला तीन रांगा म्हणजे ३० मायक्रॉन लागतात, ४०९५ गुणिले ३० म्हणजे १२ सेंटीमीटरच्या वर, आणि बारा आकड्यांची खिडकी ३६० मायक्रॉनची, माझ्या ८४० मायक्रॉनच्या फ्रेममध्ये आरामात मावते. रांगा गाळल्या तरी उरलेल्या ठिपक्यांची लाट तीच राहते, त्यामुळं फेज बिघडत नाही. तासकाटा आणि मिनिटकाटा एकाच चित्रात. मला अजूनही ह्यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

दुसरा घोळ मोठा, आणि त्यात माझे तीन आठवडे गेले.

रोज सकाळी मी येऊन सिस्टीम चालू करायचे, काहीही हलवायचं नाही, नुसतं रेकॉर्डिंग, तर आकडा दीड-दोन तास एका बाजूला चालत राहायचा, काही शे नॅनोमीटर, मग हळूहळू स्थिर. जेवून आले की परत सुरू. मला वाटलं कोडमध्ये बग आहे. फेज उलगडण्याचा भाग दोनदा नव्यानं लिहिला, फिल्टर बदलले, एकदा तर मध्यरात्री उठून वाटलं की सापडलं, नव्हतं सापडलं. मग एका रविवारी घरी कॉल, मी रडकुंडीला आलेली, आण्णांना सगळं सांगितलं आणि त्यांनी परत तेच विचारलं. "कॅमेरा कशावर बसवलायस?"

मी म्हटलं अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट आहे, दीडशे मिलिमीटरचा.

"आणि तू कुठं बसतीस?"

मी शेजारीच बसायचे. अगदी हातभर अंतरावर.

हिशोब बघा. अॅल्युमिनियम एका मीटरला एका अंशाला २३ मायक्रॉन वाढतं. १५० मिलिमीटरचा ब्रॅकेट एका अंशाला साडेतीन मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागालाही ३०-३५ नॅनोमीटर. आणि माणूस म्हणजे १०० वॅटचा बल्ब, मी येऊन बसले की हवा तापते, ब्रॅकेट वाढतो, कॅमेरा सरकतो, आणि कॅमेऱ्याला वाटतं की काच सरकली. कॅमेरा स्वतःही चालू केल्यावर तासभर तापत असतो. माझा कोड पहिल्या दिवसापासून बरोबर होता. तो इमानदारीत माझं येणं-जाणं मोजत होता. आण्णांच्या शॉपमध्ये गरम जॉब मोजला म्हणून नवीन पोरांना शिव्या पडायच्या, पार्ट थंड होऊ दे मग व्हर्नियर लाव, हे मी लहानपणापासून ऐकलंय, आणि तरी.

मग सुधारणा अगदी बायकी म्हणतात तसल्या घरगुती. कॅमेरा रात्रंदिवस चालू ठेवला. सगळ्यावर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घातलं, हवा लागू नये म्हणून. लॅपटॉप त्याच टेबलावर ठेवत होते तो उचलला, त्याच्या पंख्याची थरथर ग्राफवर वेगळी दिसत होती. आणि मी शेजारच्या खोलीत जाऊन बसले. ड्रिफ्ट, म्हणजे ते आपोआप सरकणं, दहापटीनं कमी.

पण खरा इलाज आण्णांच्या पुढच्या शब्दात होता, "डेटम कुठला धरलायस?" म्हणजे कशापासून मोजतेस. कॅमेऱ्यापासून मोजलं तर कॅमेऱ्याचं हलणंही त्यात आलंच. म्हणून ठिपक्यांचा दुसरा तुकडा न हलणाऱ्या बेसवर चिकटवला, पहिल्याच्या शेजारी, दोन्ही एकाच फ्रेममध्ये दिसतील असा, आणि दोघांची वजाबाकी केली. कॅमेरा हलला तर दोघेही सारखेच हलतात, वजाबाकीत जातं. पिक्सेल अर्धे अर्धे वाटले गेले तरी उत्तर कितीतरी सुधारलं. पेपरांमध्ये ह्या गोष्टी एका ओळीत असतात, रेफरन्स टार्गेट वापरलं वगैरे. त्या एका ओळीत माझे तीन आठवडे आहेत.

ह्यानंतर जे मोजलं ते गमतीचं होतं. स्टेजच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं की बाबा इतक्या नॅनोमीटरला रिपीट होते, आणि होतेही. त्याच जागी बोलावलं की त्याच जागी येते. पण ती जागा तुम्ही सांगितलेली जागा नसते. दोन अक्ष एकमेकांशी बरोबर ९० अंशांत नाहीत, ती जिच्यावरून सरकते ती पट्टी किंचित वाकडी, त्यामुळं पाच मिलिमीटर लांब पाठवलं तर मायक्रॉनांनी चुकते, दर वेळी सारखीच चुकते. आण्णांच्या भाषेत, "मशीन इमानदार हाय, पण शहाणं न्हाई." कॅमेऱ्यानं सगळा नकाशा काढून चुका टेबलात भरल्या की तीच स्टेज बरीच शहाणी होते. नवीन काही विकत न घेता. मला वाटतं ह्या सगळ्या प्रकाराचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, रोबोट चालताना धरून चालवण्यापेक्षा आधी एकदा त्याची परीक्षा घेणं. कारण चालताना धरायचं तर कॅमेरा स्लो पडतो, फोटो काढा, पाठवा, गणित करा, यात काही मिलिसेकंद जातातच, आणि तेवढ्या वेळात पिझो कुठल्या कुठं पोचलेला असतो, गेन, म्हणजे चूक दुरुस्त करण्याचा जोर, वाढवला की सगळं थरथरायला लागतं.

आणि वर-खाली दिशेत ही पद्धत जवळपास आंधळी आहे. माझ्या ऑब्जेक्टिव्हचा फोकस ९ मायक्रॉनच्या आसपास टिकतो, त्याच्या आत वर-खाली झालं तर चित्र तसंच दिसतं. त्यासाठी वेगळे उपाय आहेत, होलोग्राफी वगैरे, ते मी केलं नाही म्हणून त्यावर बोलत नाही.

दिवाळीला कोल्हापूरला आले तर आण्णांनी शेडमध्ये तयारीच करून ठेवली होती. "दाव बघू." क्रोमचं टार्गेट कुठून आणू, मग झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंटवर एक मिलिमीटरच्या रेघा काढून आणल्या, पोरानं विचारलं ताई हे कसलं डिझाइन. त्या लोखंडी ठोकळ्यावर चिकटवल्या, ठोकळ्याला मागून आण्णांचा मायक्रोमीटर ढकलणार, वर वेबकॅम आणि जवळचं दिसायला एक भिंग, क्लॅम्पनं लेथच्या बेडवर आवळलेलं. कॅमेरा कशावर बसवायचा हे ह्या वेळी त्यांनीच ठरवलं. एक पिक्सेल साधारण २० मायक्रॉन. आधी पाच मिलिमीटर सरकवून स्केल पाडून घेतली. न हलवता आकडा अर्ध्या मायक्रॉनच्या आत थांबत होता, म्हणजे पिक्सेलचा चाळिसावा भाग, तेही झेरॉक्सच्या कागदावर.

मग आण्णांनी मला पाठ फिरवायला लावली. ते मायक्रोमीटर एक डिव्हिजन म्हणजे १० मायक्रॉन फिरवणार, मी स्क्रीन बघून सांगणार. ९.७. १०.२. २०.१, "दोन फिरवले होय तुम्ही." ते काही बोलले नाहीत पण कालनिर्णयच्या मागच्या पानावर आकडे लिहायला लागले. मग उलटं फिरवून परत शून्यावर आणलं तर माझा आकडा ६ मायक्रॉन मागं. मी म्हटलं माझ्यात काहीतरी चुकलं. ते म्हणाले, "तुझं न्हाई चुकलं. ठोकळ्याला मागं ओढायला काय न्हाई, त्यो तिथंच ऱ्हाणार. येताना एकाच बाजूनं यायचं असतंय." स्प्रिंग लावली, परत केलं, फरक दीड मायक्रॉनवर आला.

सतरा रीडिंग झाली. दुपारचे साडेबारा, पत्रा तापलेला, आणि अठराव्यापासून आकडा न हलवताच चालायला लागला, दर मिनिटाला थोडा थोडा. मी काही म्हणायच्या आत आण्णांनी वर पत्र्याकडं बघितलं आणि पेन्सिल कानावर अडकवली.

"ऱ्हाऊ दे आता. उद्या पहाटं घेऊ, ऊन यायच्या आत."